काळीला सातबारा, पांढरीला काय?

गावाच्या भाषेत जमिनीचे दोनच प्रकार. पीक देते ती काळी आणि माणसे वसतात ती पांढरी. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या खोऱ्यात, काळी उदंड आहे आणि तिच्यावर कर्जही मिळते. सातबारा घेऊन शेतकरी बँकेत गेला की पीककर्जाचे प्रकरण उभे राहते. मात्र तोच शेतकरी पांढरीतले खचलेले माळवद उतरवून तेथे पक्के घर बांधण्यासाठी कर्ज मागू लागला, तर पहिलाच प्रश्न येतो, मालकीचा कागद कुठे आहे? ज्या उंबरठ्यावरून चार पिढ्यांच्या लेकी सासरी गेल्या, त्या घराला कागद नसतो.

याचे मूळ मोजणीच्या इतिहासात आहे. जुन्या राजवटींनी, मग ती इंग्रजांची असो वा १९४८ पर्यंत मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या निजामाची, जमीन मोजली ती महसुलासाठी. शेतावर सारा होता म्हणून बांध न् बांध नकाशावर आला. गावठाण साऱ्यातून मुक्त म्हणून ते एका अखंड तुकड्यासारखे दाखवून मोजणीदार पुढे गेला. स्वतंत्र भारतात १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावठाण मोजण्याची सोय केली. परंतु प्रत्यक्षात मोठी गावे मोजली गेली आणि लहान गावे तशीच राहिली. तेथे लोक दाखवतात तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो घरपट्टी कोणाकडून वसूल करायची हे सांगतो, मालक कोण हे नव्हे.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. तिच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील लाभार्थ्यास १ लाख २० हजार रुपये, शौचालयासाठी १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. २०२५ मध्ये राज्याने घरकुलाच्या अनुदानात ५० हजारांची भर घालण्याचा आणि पाच ब्रास वाळू विनामूल्य देण्याचा निर्णय घेतला. (गोदाकाठच्या माणसाला वाळूसाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागावी, हाही काळाचा महिमा!)

हे सारे अनुदान झाले आणि ते यादीत नाव असणाऱ्यास. प्रश्न आहे यादीबाहेरच्या माणसाचा. चार-सहा एकरांचा शेतकरी, शाळेतला शिपाई, बाजारपेठेतला छोटा दुकानदार. तो दारिद्र्यात नाही, रोखीने घर बांधण्याइतका सधनही नाही. त्याला दान नको, माफक व्याजाचे कर्ज हवे.

येथेच शहर आणि खेडे यांतला भेद डोळ्यांत भरतो. सोनपेठ गावाला नगर परिषद आहे. म्हणून तेथील रहिवासी शहरी योजनेत बसतो. २०१५ ते २०२२ या काळात अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज सवलत होती. तिची कमाल रक्कम २ लाख ६७ हजारांच्या घरात जाई. २०२४च्या दुसऱ्या टप्प्यात ही मर्यादा १ लाख ८० हजार झाली. हद्दीबाहेरच्या खेड्यासाठी २०१७ मध्ये वेगळी व्याज सवलत योजना आली ती दोन लाखांच्या कर्जावर तीन टक्क्यांची! सिमेंट आणि सळई यांचा भाव मात्र हद्द ओलांडली म्हणून उतरत नाही. उलट काळ्या मातीच्या भागात पायाचा खर्च चढतो. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तडे देते.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात यावे. चुन्याने हद्दी आखायच्या, ड्रोनने गावठाण टिपायचे, चौकशी करून मिळकत पत्रिका द्यायची. महाराष्ट्राने पुणे जिल्ह्यातील सोनोरीत हा प्रयोग त्याआधीच केला होता. १८ जानेवारी २०२५ रोजी तर देशभरात एकाच दिवशी ६५ लाख पत्रिकांचे वाटप झाले.

तरीही पत्रिका हाती आली म्हणजे कर्ज हाती आले, असे नव्हे. ड्रोनला भिंत दिसते. आजोबांच्या नावावरच्या वाड्यात तीन भावांची तोंडी झालेली वाटणी दिसत नाही. ती चौकशीच्या वेळी नोंदवून घेण्याचे काम घरातल्यांनाच करावे लागेल आणि गावातल्या जाणत्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या शेजारी बसायला हवे. सासुरवाशिणीचे नाव घराला लागावे, हेही त्याच बैठकीत ठरू शकते. ग्रामीण घरकुलात पत्नीचे नाव लावण्याचा आग्रह शासन धरतेच.

उरली बँक. गावातले तारण घर थकबाकीत विकायला काढले तर घेणार कोण, ही तिची शंका अगदीच अनाठायी नाही. परंतु कापूस आणि सोयाबीन वर्षातून एकदाच घरी येत असता मासिक हप्त्याचा हट्ट धरून तीच थकबाकीला निमंत्रण देते. पीककर्ज हंगामाला जोडता येते, तर पांढरीतल्या घराचा हप्ता दिवाळीनंतरच्या सुगीला का जोडता येऊ नये? राज्यस्तरीय बँकर्स समितीसमोर मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी हा एकच विषय लावून धरला, तरी सोनपेठच्या खेड्यांतील पुष्कळ माळवदे पुढच्या पावसाळ्याआधी उतरतील.