मेरेवरचा कोळी आणि पुण्यातला डबा

मंडळी, काजूवरच्या ढेकण्याबद्दल लिहितो म्हणालो होतो. ते पुढच्या टिपणात. आज कोळ्याबद्दल लिहायचं आहे. घरात जाळं करतो तो नव्हे. दरडीला, मेरेला, गडग्याच्या बुडाशी अंगठा जाईल एवढं बीळ करून राहतो तो मोठा, केसाळ. इंग्रजीत टॅरँटुला म्हणतात. लहानपणी आमच्याकडं त्याच्या बिळात रॉकेल ओतायचे. मीही ओतलंय.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. गेल्या श्रावणात चार दिवस त्याच्याकडं राहिलो. बहिणीनं फोनवर आधीच बजावलं होतं, "दादा, त्याच्या खोलीतल्या डब्यांना हात लावू नको हं." जाऊन बघतो तर भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर पारदर्शक डबे ओळीनं, एकूण नऊ. प्रत्येकात एक कोळी. दोन वर्षांपूर्वी यानं माझ्याकडून दोन पोती नारळाची सोडणं नेली होती, भुसा करायला. मी समजत होतो कुंड्यांना घालत असेल. तो सगळा भुसा कोळ्यांच्या अंगाखाली.

पहिल्या दिवशी मला वाटलं पोराचं डोकं फिरलंय. चौथ्या दिवशी तसं वाटलं नाही, आणि त्याचं कारण त्याची वही. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि वहीत त्याचं पान: जातीचं शास्त्रीय नाव, कुणाकडून आणला, कधी खाल्लं, कधी कात टाकली. तीस वर्षं शेती करतोय मी. फवारणीच्या तारखा इतक्या नीट माझ्याकडं नाहीत.

त्याच्याकडून जे कळलं त्यातलं थोडं सांगतो, कारण आपल्या कामाचं आहे. नवखा माणूस कोळी मारतो तो उपाशी ठेवून नाही, जास्त काळजीनं मारतो. रोज पाणी शिंपडणार, रोज उकरून बघणार. नर्सरीतली रोपं आपण जशी पाण्यानं कुजवतो तसंच. मोठ्या कोळ्याला आठ-पंधरा दिवसांनी एखादं झुरळ पुरतं. बिळात राहणारी जात असेल तर माती खोल हवी, पाणी सोडावॉटरच्या झाकणात, आणि बाकी त्याला त्याच्या वाटेनं राहू द्यायचं. कात टाकायच्या आधी तो कधीकधी महिनोन्‌महिने खात नाही, आणि कात टाकताना चक्क उताणा पडतो. भाच्याच्या पहिल्या कोळ्यानं असं केलं तेव्हा रात्री दोनला त्यानं कधी न भेटलेल्या एका माणसाला फोन केला, "मेला हो." पलीकडचा म्हणाला, "हात लावू नकोस, झोप जा." सकाळी डब्यात दोन कोळी. एक जिवंत, एक रिकामा.

ती रिकामी कातही हे लोक फेकत नाहीत. साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ करतात आणि भिंगाखाली पोटाकडची बाजू बघतात, त्यावरून नर की मादी कळते. हे कळणं महत्त्वाचं, कारण नर वयात आला की त्याचे दिवस भरले, काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. मादी मात्र पुढं वर्षानुवर्षं जगते. मेक्सिकोतल्या तांबड्या गुडघ्यांच्या जातीची मादी वीस वर्षांच्या वर जाते. आपल्या गोठ्यातलं एक तरी जनावर एवढं टिकतं का?

हातावर कोळी घेऊन रील करणारे बरेच दिसतात. भाच्याच्या मंडळींत त्यांना मान नाही. एक तर हातावरून खाली पडला तर कोळ्याचं पोट फुटतं, तो वाचत नाही. दुसरं, अमेरिकेतल्या बऱ्याच जाती पोटावरचे खाजरे केस उडवतात, आपल्याकडच्यांना ते हत्यार नाही, ते सरळ चावतात. चावून माणूस मेल्याची खात्रीची नोंद नाही, पण झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरियाच्या चाव्यानं स्नायूंना असे पेटके येतात की काहींना ते कितीतरी दिवस छळतात.

आता त्या मंडळींबद्दल. यांची एक पद्धत ऐकून मी हसलोच. एकाकडं मादी, दुसऱ्या गावी कुणाकडं वयात आलेला नर. नरवाला आपला नर पाठवतो. अंडी झाली, पिल्लं निघाली की निम्मी याची, निम्मी त्याची. म्हटलं, "अरे, ही तर अर्धेली! आमची आजी शेळ्या अशाच द्यायची." परदेशातसुद्धा असंच चालतं म्हणे. आणखी एक चांगलं, हे लोक दोन जातींचा संकर मुद्दाम करत नाहीत, करणाऱ्याला नावं ठेवतात. गावरान बियाणं जपणाऱ्या आपल्या मंडळींसारखंच. तरी घोटाळे होतातच. मेक्सिकोतली ती तांबड्या गुडघ्यांची जात वर्षानुवर्षं स्मिथी नावानं जगभर विकली गेली. २०१७ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासून सांगितलं की लोकांच्या डब्यांत होती त्यातली बरीच हॅमोरी, वेगळीच जात. पिशवीवर एक वाण आणि आत दुसरं, हे काय आपल्याला नवीन आहे?

इथपर्यंत मला सगळं पटलं. मग खालच्या ओळीतला एक डबा बघितला. बाकी आठांवर जन्माची तारीख होती, म्हणजे कुणाच्या तरी घरी डब्यात जन्मलेले, त्यांच्या भाषेत सीबी. या नवव्यावर तारीख नव्हती. लिहिलं होतं, "सिंधुदुर्ग, डब्ल्यूसी". मी विचारलं याचा अर्थ काय. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, जंगलातून पकडलेली. सुरुवातीला घेतली होती. तेव्हा मला काही कळत नव्हतं."

इथं माझी चूक सांगायला हवी. २०२१ च्या दिवाळीनंतर एक तरुण मुलगा आमच्या वाडीत आला होता. गळ्यात कॅमेरा, बोलायला अगदी नम्र. "काका, इकडं मोठे कोळी दिसतात का?" आपल्या शेतात कुणाला काही बघावंसं वाटतंय याचाच मला आनंद. काजूच्या बागेखालच्या दरडीवर घेऊन गेलो. एकेक बीळ बोटानं दाखवलं, अकरा होती. तोंडाशी रेशमाची कड कशी ओळखायची तेही मीच सांगितलं. त्यानं फोटो काढले, चहा घेतला, गेला. होळीच्या आधी गवत काढायला गेलो तर सात बिळं खणलेली. खुरप्यानं व्यवस्थित, आजूबाजूची माती न पाडता, ज्याला सवय आहे त्यानं खणावं तशी. त्याच मुलानं खणली असं मी म्हणत नाही, मी बघितलेलं नाही. भाच्याच्या डब्यातली मादी आमच्याच दरडीतली असेही म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी पुण्याच्या खोलीत मी त्या डब्यासमोर बराच वेळ बसलो होतो.

भाच्याशी मग दोन दिवस वाद झाला. त्यानं गुटीच्या कोळ्याचं उदाहरण दिलं. आंध्रातला निळाशार कोळी, पोसिलोथेरिया मेटालिका. १८९९ साली पोकॉक नावाच्या इंग्रज अभ्यासकानं त्याचं वर्णन केलं, गुटीच्या रेल्वेच्या लाकडात सापडलेल्या एका कोळ्यावरून. पुढं शंभर वर्षं तो परत कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये सापडला तो गुटीपासून शंभरेक किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. म्हणजे नाव ज्या गावाचं, तिथं तो राहतच नाही, बहुधा लाकडाबरोबर आला होता. आज युरोप-अमेरिकेत हौशी लोकांच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या वाढतोय आणि त्याचं मूळ जंगल मात्र एवढंसं उरलंय की तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. भाच्याचं म्हणणं, "मामा, डब्यात वाढवणारे नसते तर त्याचं नाव तरी कुणी घेतलं असतं का?"

निम्मं खरं आहे. डब्यात जन्मलेला स्वस्तात मिळाला तर जंगलातला पकडायची गरज कमी होते. पण डब्यातल्या शंभर कोळ्यांनी नंद्याळकडचं एक झाडसुद्धा वाचत नाही. आणि नवीन जात हवी, दुर्मीळ हवी, अमुक गावचीच हवी, ही हाव हौशी लोकांत आहेच. २०१९ साली पोसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्या, तो प्रस्ताव श्रीलंका आणि अमेरिकेचा होता. व्यापारात सगळं ठीक चाललं असतं तर कुणी एवढी खटपट केली असती का?

कागदाचं म्हणाल तर आपल्या वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतला जिवंत परदेशी प्राणी घरात असेल तर त्याची नोंद करावी लागते, २०२४ च्या नियमांनी ती परिवेश पोर्टलवर होते. भाच्यानं त्याच्या मेक्सिकोवाल्यांची केली आहे, मला दाखवली. नवव्या डब्याचा काही कागद नव्हता.

माझं मत सरळ आहे. कोळी पाळायला माझा विरोध नाही. ज्याला वही ठेवता येते, वीस वर्षांची जबाबदारी कळते आणि "कुठून आला?" या प्रश्नाचं उत्तर देता येतं, त्यानं डब्यात जन्मलेला पाळावा. बिल आणि लेबल नसलेली बियाण्याची पिशवी आपण घेत नाही, घेतलीच तर पस्तावतो. तोच नियम इथं. मेरेवरची मादी मात्र कुणाच्याही डब्यात जाता कामा नये. तिची पिल्लं आईच्या बिळापासून फार लांब जात नाहीत, म्हणून एकाच दरडीला बिळं दाटीनं असतात. मोठ्या माद्या काढल्या की ती दरड कितीतरी वर्षांसाठी रिकामी होते, आणि बाहेरून कुणाला ते कळतही नाही.

पण सगळं खापर पुण्या-मुंबईच्या पोरांवर फोडणंही बरोबर नाही. मी २०१६ मध्ये पंपाच्या खोलीसाठी वरच्या अंगाची दरड जेसीबीनं कापली. तिथं किती बिळं होती, मोजलीच नव्हती. नवीन काजू लागवडीला सपाटीकरण, रस्ता रुंद करणं, मेर जाळणं, यात जे जातं त्यापुढं खुरपं घेऊन येणारा माणूस काहीच नाही. कृषी सहायक आणि कृषी महाविद्यालयाची मंडळी हे पान वाचतात, त्यांना विनंती: शेततळ्याची किंवा सपाटीकरणाची जागा बघायला याल तेव्हा जुन्या दरडीवर एकदा बॅटरी मारा. दहा फूट इकडंतिकडं सरकवून काम होत असेल तर सरकवा. हा कोळी तुमचे किडे खाऊन उत्पादन वाढवेल असलं काही मी सांगत नाही. झुरळं, रातकिडे, भुंगेरे खातो तो, पण बिळाच्या तोंडाशी येईल तेवढेच. बागेचं संरक्षण त्याच्या भरवशावर सोडू नका.

निघायच्या आदल्या रात्री भाच्यानं विचारलं, "मामा, तिला तुमच्या दरडीवर सोडून देऊ का?" मला वाटलं होतं मी लगेच हो म्हणेन. नाही म्हणालो. ती नेमकी कुठली, कुणालाच माहीत नाही. तीन वर्षं परदेशी कोळ्यांच्या शेजारी एकाच मांडणीवर राहिलेली, अंगावर कसले बारीक किडे घेऊन येईल सांगता येत नाही. रोग लागलेल्या नर्सरीतलं रोप आपण चांगल्या बागेत लावतो का? तर ती अजून पुण्यातच आहे, माझ्याच सोडणांच्या भुशात. चैत्रात तिनं कात टाकली, फोटो आला होता. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, तिच्यावर पिल्लंही घ्यायची नाहीत, एवढं त्यानं कबूल केलंय. वहीत तिच्या पानावर "कुठून" या रकान्यात त्यानं आता विकणाऱ्याचं नाव लिहिलंय.

दिवाळीला तो इकडं आला होता. रात्री लाल प्लास्टिक लावलेली बॅटरी घेऊन आम्ही दोघं दरडीसमोर दीड तास बसलो. डास फार. साडेनऊच्या सुमाराला एका बिळातून दोन पाय बाहेर आले आणि तिथंच थांबले. तो श्वास रोखून बसला होता, डब्यातल्या नऊंपुढं असा बसलेला मी त्याला बघितला नव्हता. त्याच्या मंडळींतल्या काही जणांनी नंतर विचारलं, जागा कुठली. "मामाचं शेत" एवढंच तो सांगतो.

मीही आता कुणाला दाखवत नाही. कॅमेरा घेऊन कुणी आलं तर चहा देतो, काजू दाखवतो. उरलेल्या चारही बिळांच्या तोंडाला यंदा ताजं रेशीम आहे. त्यांच्या खाली हातभर अंतरावर एक नवीन दिसलंय, करंगळीसुद्धा जाणार नाही एवढं.