विश्लेषण : कुत्र्या-मांजरांची विष्ठा नेमकी टाकायची कुठे?

घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. आता घरातल्या कचऱ्याचे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग करायचे आहेत. पण घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर त्यांची विष्ठा यातल्या कोणत्या डब्यात जाणार?

ओल्या कचऱ्यात का नको?

ओल्या कचऱ्याचं खत होतं आणि ते हातांनी हाताळलं जातं. शेणखत चालतं, मग हे का नाही, असा प्रश्न पडू शकतो. गाय-म्हैस गवत खाते. कुत्र्या-मांजरांच्या पोटात मात्र माणसालाही बाधणारे गोलकृमी असू शकतात. त्यांची अंडी मातीत अनेक महिने, कधी काही वर्षंही तग धरतात. ती मारण्याइतकी उष्णता गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये सगळीकडे सारखी तयार होईल, याची खात्री नसते. त्यामुळे हे खत भाजीच्या कुंडीत नकोच.

फ्लश केलं तर?

कुत्र्याची विष्ठा पिशवी किंवा कागदाशिवाय शौचालयात टाकता येते. मांजराची मात्र टाकू नये. तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो आणि सांडपाणी प्रक्रियेतूनही तो वाचू शकतो. कॅलिफोर्नियात समुद्री पाणमांजरांच्या मृत्यूंशी या परजीवीचा संबंध आढळला. त्यानंतर मांजराचा मल गटारात सोडू नका, अशी सूचना लिटरच्या पाकिटांवर छापण्याचा कायदा तिथे २००६ मध्ये झाला. शिवाय बेंटोनाइट मातीचं लिटर पाण्यात फुगतं आणि पाइप तुंबतो.

गर्भवतींनी काय करावं?

मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्माची अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे लिटर बॉक्स रोज साफ करावा. शक्यतो हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावं. नाहीतर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

मग योग्य मार्ग कोणता?

विष्ठा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावी, वर दुसरा कागद लावावा आणि डायपर, सॅनिटरी पॅडसारख्या कचऱ्याबरोबर वेगळी द्यावी. पुडीवर लाल पेनाने खूण केली तर उत्तम. प्लास्टिकची पातळ पिशवी वापरू नये. देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर बंदी आहे. कुत्र्याला फिरायला नेतानाही कागद सोबत ठेवावा. रस्त्यावरची घाण न उचलल्यास मुंबई महापालिकेच्या २००६ च्या उपविधींत ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. प्राण्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंताचं औषध दिलं, तर धोका मुळातच कमी होतो.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

घंटागाडीत पडलेला कचरा पुढे कुणाच्या तरी हातातून जातो. अनेक ठिकाणी सफाई कामगार आणि कचरावेचक आजही हातमोज्यांशिवाय पिशव्या उघडतात. ओल्या कचऱ्यात लपवलेली विष्ठा आधी त्यांच्या हाताला लागते. घरात पुडी बांधायला अर्धा मिनिट लागतो. ती न बांधल्याची किंमत मात्र प्राणी न पाळणारा माणूस मोजतो.