ठिबकाने वाचलेलं पाणी जातं कुठे?

मराठवाड्यात उसाला ठिबक लावलं की भूजल वाचतं, हे अर्धसत्य आहे. पाटाने दिलेल्या पाण्यातला काही भाग मुरून पुन्हा विहिरीला मिळतो. ठिबकात तो पाझर घटतो. वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस उभा राहिला, की उपसा होता तेवढाच राहतो आणि पुनर्भरण मात्र कमी होतं. इथल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत; खोल बोअर तर बहुधा सावकाश भरणारं पाणीच ओढते. उसाला एफआरपीचा (रास्त व किफायतशीर दराचा) आधार आहे, कारखाना आहे, मग शेतकऱ्याने दुसरं काय लावावं, हा आक्षेप रास्तच. म्हणूनच तूर-हरभऱ्याची खरेदीही तितकीच खात्रीची हवी. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई करणारा २००९चा भूजल कायदाही सरकारने आता बांधावर उतरवावा.