माहीत असावे की नसावे?

गेल्या पंधरवड्यात एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. वय २९, नोकरी कायमची, प्रकृती ठणठणीत. तक्रार विचारली तर म्हणाला, "डॉक्टर, गाडीची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. परवा शेजाऱ्यांचं नाव पटकन सुचेना. आईचा आजार मला सुरू झाला का?" त्याच्या आईला ७२व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले. ती आता त्याला आपला भाऊ समजते आणि 'दादा' म्हणून हाक मारते. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "रक्ताची तपासणी होते म्हणे. घरात माझ्या लग्नाचं चाललंय. कुणाच्या मुलीला का फसवायचं?"

किल्ली विसरणे म्हणजे अल्झायमर नव्हे, हे त्याला आधी सांगितले. या वयात अपुरी झोप, मनावरचा ताण, थायरॉइडचा दोष किंवा ब-१२ची कमतरता यांचा विचार आधी करावा लागतो. पण त्याचा खरा प्रश्न रक्तातून आलेल्या वारशाचा होता. याबाबत आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हा वारसा दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार अत्यंत दुर्मिळ आहे. त्यात आई किंवा वडिलांकडून सदोष जनुक येण्याची शक्यता निम्मी असते आणि ते आले की आजार बहुधा ऐन चाळिशी-पन्नाशीत गाठतो. अशी सर्वांत मोठी ज्ञात घराणी दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या अँटिओक्विया प्रांतात आहेत. तेथे साधारण ४४व्या वर्षी स्मरणशक्ती ढासळू लागते. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी १९८०च्या दशकापासून २०२४ मध्ये निधन होईपर्यंत या घराण्यांसाठी काम केले. मात्र तेथेही एक स्त्री अशी आढळली की, सदोष जनुक असूनही तिची स्मृती सत्तरीपर्यंत शाबूत होती. तिच्या अंगी दुसरा एक दुर्मिळ जनुकीय बदल होता. तो तिच्या मेंदूचे रक्षण करत असावा, असे शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये जाहीर केले.

दुसरा प्रकार पुष्कळ घरांत असतो. एपीओई-४ नावाचा जनुकाचा प्रकार पालकांपैकी एकाकडून आला, तर धोका साधारण दोन-तीन पटींनी वाढतो. दोघांकडून आला तर आणखी बराच वाढतो. पण तो असूनही कित्येकांना हा आजार होत नाही आणि नसूनही कित्येकांना होतो. माझ्या या तरुणाच्या आईचा आजार उतारवयातला आहे. अशा घरात निरोगी मुलाची तपासणी केली तरी 'होणार' किंवा 'होणार नाही' असे उत्तर मिळत नाही. मिळते ती फक्त शक्यता, आणि तिच्यासोबत आयुष्यभराचा घोर.

डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, नोबेल विजेते जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये आपला संपूर्ण जनुकीय आराखडा जगासमोर ठेवला. त्यातून एकच माहिती वगळायला सांगितली, ती याच जनुकाची. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. कोलंबियातील घराण्यांमध्ये एका औषधाची चाचणी झाली, तिच्यात जनुक नसलेल्यांनाही मुद्दाम सामील करून घेतले आणि त्यांना नुसते बिनऔषधी द्रावण टोचले. हेतू हा की, चाचणीत आहे एवढ्यावरून कुणालाही आपले भवितव्य कळू नये. ते औषध २०२२ मध्ये निष्प्रभ ठरले, पण माणसाच्या मनाचा मान राखण्याची ही रीत मला मोलाची वाटते.

माझ्या आईचाही शेवट याच आजारात झाला. तपासणी मी केलेली नाही आणि करणारही नाही. मात्र कुणाला जाणून घ्यायचेच असेल, विशेषतः घरात पन्नाशीच्या आत हा आजार आलेला असेल, तर त्याला तो अधिकार आहे. मूल होऊ देण्याचा निर्णय घेण्यासाठी अशी माहिती उपयोगी पडते. मात्र आधी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाशी बोलावे आणि 'हो' असे उत्तर आले तर उद्यापासून मी काय वेगळे करणार, हे स्वतःला विचारावे. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. सासरच्यांनी अहवाल मागावा किंवा आईवडिलांनी परस्पर रक्त तपासून घ्यावे, हे मला साफ नामंजूर आहे.

हाती काही नाही, असे मात्र समजू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठे जीवन, एकटेपणा आणि कमी ऐकू येणे यांचा समावेश आहे. ही सगळी आटोक्यात आली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील. तरुणपणी सुरुवात केलेली बरी.

त्या तरुणाचा रक्तदाब मोजला, तो थोडा वाढलेला निघाला. आजवर कुणी पाहिलाच नव्हता. लग्नाबद्दल त्याला म्हटले, "स्थळ बघायला येतील तेव्हा आईला आतल्या खोलीत बसवू नकोस. बाहेर आणून मुलीशी तिची ओळख करून दे. तुझ्याकडून सांगण्यासारखं खरं तेवढंच आहे."