सरकार कोणाचं, ते नंतर विचारा



दिल्लीत सरकार बदलतं, मुंबईतही बदलतं. पाड्यावर मग दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "आपलं सरकार आलं, आता काम होणार." दुसरा म्हणतो, "आपलं सरकार गेलं, आता काय होत नाही." त्याआधी हेच दोघं बरोबर उलटं बोलत होते. एवढ्यात त्यांच्या प्लॉटवर काय बदललं? गार्ड तोच, ऑफिस तेच, फाईल त्याच कपाटात.

एका पाड्यावर दोन सख्खे भाऊ आहेत. बापाच्या वेळेपासून जंगलातली जमीन कसतात, नाचणी-वरई पिकवतात. मागचं सरकार होतं तेव्हा दोघांचे दावे एकाच दिवशी नामंजूर झाले. आम्ही सांगायला गेलो, दादा, अपील करा, साठ दिवसांची मुदत आहे. थोरला म्हणाला, "सत्ता आमचीच आहे, पुढाऱ्याने शब्द दिलाय. अपील कशाला?" धाकटा म्हणाला, "सरकार त्यांचं, आमचं कोण ऐकतो? अपील कशाला?" एक विश्वास ठेवून बसला, दुसरा अविश्वास धरून बसला. साठ दिवस दोघांचेही गेले.

आता जुना हिशोब काढा. १९८० चा वनसंवर्धन कायदा काँग्रेसच्या राज्यात आला. २००२ साली मे महिन्यात जंगलातली अतिक्रमणं काढा असा हुकूम दिल्लीहून निघाला, तेव्हा तिथे भाजपचं सरकार होतं. तो राबवायचा होता राज्यांनी, आणि मुंबईत सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. पेसा कायदा १९९६ चा. महाराष्ट्रात त्याचे नियम आले २०१४ साली. मधल्या अठरा वर्षांत युतीही बसून गेली, आघाडीही बसून गेली.

वनहक्क कायदा २००६ साली काँग्रेस आघाडीच्या काळात झाला, हे खरं. पण तो कोणी खुशीने दिला नाही. देशभरातले आदिवासी रस्त्यावर उतरले तेव्हा तो मिळाला. आणि त्याच आघाडीच्या राज्यात आपले दावे ढिगाने नामंजूर झाले, हेही खरं.

आम्ही कोणाला पक्ष सोडा म्हणत नाही. मत ज्याला द्यायचं त्याला द्या. पण आपला पुढारी निवडून आला म्हणून प्रश्न विचारणं थांबवू नका. आणि दुसऱ्याचा आला म्हणून ऑफिसची पायरी सोडू नका. ही चूक आम्ही कार्यकर्त्यांनीही केली आहे. ओळखीचा आमदार झाला की आमचाही मोर्चा ढिला पडतो. पुढाऱ्याच्या शब्दावर शिक्का नसतो, हे आम्हालाही उशिरा कळलं.

म्हणून येत्या ग्रामसभेत सगळ्या पक्षांची माणसं एका सतरंजीवर बसवा आणि एवढं करा. ज्यांचा दावा नामंजूर झाला, त्यांनी कारण लेखी मागावं. कारणासह कळवणं हे नियमातच आहे. ज्याला लेखी कळवलंच नाही, त्याचे साठ दिवस सुरूच झाले नाहीत, असं आपण ठासून सांगायचं. पुरावा फक्त दंडाची पावतीच लागते असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा आहे. आणि दाव्याची तपासणी पुरी होत नाही तोवर कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कायद्याचं कलम ४(५) गार्डला वाचून दाखवा.

त्या दोघा भावांना आम्ही परत भेटलो. आता धाकटा म्हणतो सरकार आपलं, थोरला म्हणतो त्यांचं. पण ह्या वेळी दोघांनी एकाच कागदावर अंगठे दिले आणि एकाच गाडीने प्रांत ऑफिसला गेले. अर्जाची पोच घेऊनच परतले.

तुमच्या पाड्यावरून किती पोच आल्या, ते आम्हाला कळवा.

जिंदाबाद!