भोंगा नेमका कोणासाठी?

गेल्या महिन्यात चार दिवस ताईकडे मुक्काम ठोकला होता. ताईचं घर न्हावा शेव्याला. रात्री गॅलरीत उभं राहिलं की पोर्टच्या क्रेनचे दिवे दिसतात आणि कंटेनरच्या ट्रेलरची घरघर काही थांबत नाही. रखडलेला लेख संपवायचा, भाच्याशी दंगा करायचा आणि ताईच्या हातचं हादडायचं, असा सोप्पा प्लॅन होता. पहिल्याच दिवशी त्याचा बोऱ्या वाजला.

भावोजी कंटेनर यार्डात कामाला. त्या आठवड्यात नाइट होती. सकाळी घरी यायचं, पोहे खायचे आणि पडदे ओढून झोपायचं. घर वन बीएचके. साडेबाराला आमचे अकरा वर्षांचे भाचेबुवा शाळेतून अवतरले. दप्तर टाकतायत तोच ताईने स्वतःचा फोन आणि इयरफोन त्यांच्या हातात ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं. ‘बाबा झोपलेत.’

ही तीच ताई बरं का, जी मला दर रविवारी फोन करून ‘कार्टं गेममधून डोकं वर काढत नाही गं’ म्हणून रडते!

पाचला भावोजी उठले. पोरगा तसाच, त्याच कोपऱ्यात. ‘अजून गेम? पाच मिनिटांत बंद कर!’ सहाव्या मिनिटाला फोन हिसकावला गेला आणि पुढच्या क्षणी भाच्याने हातातला स्टीलचा पेला भिंतीवर भिरकावला. मग तो रडत रडत म्हणाला, ‘दुपारी गप्प बसायला तुम्हीच फोन देता. आणि बाबा उठले की मी वाईट!’

कोणीच काही बोललं नाही. बोलणार काय?

तुम्ही म्हणाल, आमचं अजून लग्नाचं जमेना, हे पोरांचं पुराण आम्हाला कशाला? पण भाचे-पुतणे तुम्हालाही असतीलच. आणि जेवताना डाव्या हातात फोन कोणाच्या असतो, हेही आठवून बघा.

तर मुद्दा एक. हे पाच मिनिटांचं प्रकरण गेम न खेळणाऱ्याला कळतच नाही. बॅटल गेमची एक मॅच वीस-पंचवीस मिनिटं चालते. शंभरेक जण उतरतात आणि मध्ये पॉझ नसतो. आपण उठलो की टीममधली पोरं बोंब मारतात. म्हणजे गल्लीत आपली बॅटिंग चालू असताना आईने कान धरून घरी न्यावं, तसंच हे. त्यामुळे मिनिटं मोजण्यापेक्षा मॅच मोजावी. ‘दोन मॅच, मग बंद’ हे पोराला पटतं, कारण ते त्याच्या भाषेत असतं.

मुद्दा दोन. रोज खेळतो म्हणजे आजारी आहे, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे खरा, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागूही झाली. पण खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, असं साधारण वर्षभर चाललं तरच डॉक्टर त्याला हे नाव देतात. आदळआपट एका दिवसाची असेल तर आधी घरातलं टाइमटेबल तपासावं.

मग बंदीचं काय? २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाइल बंद केलं, तेव्हा कित्येक आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. २०२१ च्या जुलैमध्ये त्याच कंपनीचा गेम भारतासाठी वेगळं नाव घेऊन हजर! चीनने तर ऑगस्ट २०२१ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच ऑनलाइन गेमचा वेळ ठरवून दिला. आपल्याकडे नियम आला की मुलं आधी जन्मतारीख बदलतात. आमचे भाचेबुवा ऑनलाइन एकवीस वर्षांचे आहेत!

मला जाम आवडला तो सांगली जिल्ह्यातला फंडा. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. लॉकडाउनमध्ये अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात आलेला फोन शाळा सुरू झाल्या तरी सुटेना. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ ला गावाने बैठक घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग काय ते चालू करा. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हे झालं, आणि सुरुवातीला गावकरी घरोघरी फिरून बघतही होते. यातली ग्यानबाची मेख कळली का? भोंगा एकट्या मुलांसाठी नव्हता. बापाच्या बातम्या आणि आईची सिरियल, दोन्ही त्यात आलं.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सातला आम्ही सगळे फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकले. आठपर्यंत. सव्वासातला डबा वाजला आणि मी झेपावले... माझ्या एडिटरचा फोन! ‘मावशी आउट!’ भाचा जाम खूश. साडेसातला भावोजी यार्डाच्या ग्रुपवर ‘फक्त बघून घेतो’ म्हणत आउट. ताई तेवढी टिकली. तिसऱ्या दिवशी मात्र झब्बूचा डाव रंगला. मग भाच्याने विचारलं, ‘बाबा, जहाजातून कंटेनर उतरवताना खालचा आधी कसा काढतात?’ भावोजींनी काडेपेट्या रचून दाखवलं. नाइटच्या आठवड्यात बापलेक दोघेही निवांत जागे असतात तो जेमतेम एवढाच वेळ. तोच इतके दिवस फोनवरून भांडण्यात जात होता.

दुपारचा प्रश्न पुरता सुटलेला नाही, खोटं कशाला सांगू? दोन मॅच होतात, मग स्वारी खालच्या काकूंकडे कॅरम खेळायला. काकू कंटाळल्या की पुन्हा फोन. पण आता ताई तो देताना सांगते, ‘हे तुझ्यासाठी नाही, बाबांच्या झोपेसाठी आहे. थँक्यू.’ पेला परत उडालेला नाही.

परवा घरी आल्यावर मी सहज ताईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाहीच. आठ वाजून एक मिनिटाने भाच्याचा मेसेज आला.

‘मावशी, घड्याळ बघत जा ना. परत आउट!’