ज्याने दोन उन्हाळे वापरले, त्याला विचारा

मोर्शीत मार्च लागला की गल्लीगल्लीत एक चौकशी सुरू होते. "तुमचा कूलर कसा हाय जी?" विचारणारा नुसते विचारून थांबत नाही. तो पत्र्याच्या खोक्यामागे जाऊन वाकून पाहतो, टाकी तळाशी गंजली का ते बोटाने चाचपतो, मोटर किती उन्हाळे चालली हे विचारतो आणि मगच बाजाराची वाट धरतो. कूलरचे जे, तेच पाणी शुद्ध करायच्या यंत्राचे, सौर बंबाचे, इन्व्हर्टरचे.

या चौकशीला अलीकडे शिकलेली माणसे नाके मुरडू लागली आहेत. वस्तूवर आयएसआयचा शिक्का आहे, ताऱ्यांचे लेबल आहे, हमीपत्र आहे, मग शेजाऱ्याला काय विचारायचे, असा त्यांचा पहिला सवाल. एका घराच्या अनुभवावरून अनुमान काढणे अशास्त्रीय, हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यांत टोकदार : लोक खरे सांगतात कुठे? तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण त्यावरून 'विचारूच नका' हा जो निकाल काढला जातो, तो साफ चुकीचा आहे.

आधी शिक्क्याचे पाहू. शिक्का हवाच. बिनशिक्क्याचा गिझर कोणी घरात बसवू नये, त्यात जिवाशी गाठ आहे. परंतु शिक्का सांगतो ते एवढेच, की वस्तू ठरलेल्या मानकाला उतरली. ती आपल्या घरच्या पाण्यात काय होईल, हे तो सांगत नाही आणि तसा दावाही करत नाही. आता मोर्शीचेच पाणी घ्या. तालुक्यात सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे, अमरावती शहर त्याचेच पाणी पिते. ते नदीचे, तुलनेने हलके पाणी. आणि त्याच तालुक्यात संत्र्याच्या बागांनी भूजल इतके उपसले गेले आहे, की मोर्शी आणि वरुड ही नावे अतिशोषित तालुक्यांच्या यादीत आहेत. बोअर वर्षागणिक खोल जातात. नळाच्या पाण्यावर चालणारे घर आणि बोअरवर चालणारे घर, दोन्ही एकाच रस्त्यावर असली तरी त्यांचे पाणी एक नव्हे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बोअरचे असे जड पाणी सौर बंबात गेले की काय होते? सपाट पट्टीच्या बंबात पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांतून फिरते. तापताना क्षार सुटतो, नळ्यांच्या आत थर धरतो, आणि दोन-तीन वर्षांत बंब उन्हात तळपत असूनही बादलीत कोमट पाणी पडू लागते. काचेच्या नळ्यांचा बंब जड पाण्यात त्या मानाने टिकतो. दोन्ही बंबांवर शिक्का असू शकतो आणि दोन्ही शिक्के खरे असू शकतात. फरक कळतो तो बोअरवाल्या शेजाऱ्याला, कारण त्याने तो भोगलेला असतो.

ताऱ्यांचेही तसेच. पाच तारे वीज किती लागेल ते सांगतात. बिघाड झाल्यावर अमरावतीहून माणूस किती दिवसांनी येतो, येण्याचेच किती घेतो, सुटा भाग मिळतो की 'नवीनच घ्या' म्हणतो, हे कोणत्याही लेबलवर नसते.

दुसरा आक्षेप अशास्त्रीयपणाचा. एका अनुभवातून भारतभरचा नियम निघत नाही, हे कबूल. पण मोर्शीतल्या गृहिणीला भारतभरचा नियम कुठे हवा आहे? तिला आपल्या गल्लीपुरते उत्तर हवे आहे. शेजारच्या घराला तोच ट्रान्सफॉर्मर आहे, रात्री तोच कमी दाब आहे, बोअरला तेच पाणी आहे, छतावर तेच ऊन आहे. परिस्थिती इतकी जुळत असेल, तर त्या एका घराचे उत्तर दूरच्या हजार घरांच्या सरासरीपेक्षा उपयोगाचे ठरते. उलट दर्यापूरच्या मावशीचा सल्ला इथे निरुपयोगी. तिकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, विहिरीचे पाणीच खारट. तिला पाणी शुद्ध करायचे यंत्र वरदान वाटत असेल आणि ते खरेही असेल. पण धरणाचे नळपाणी पिणाऱ्याने तिचे ऐकून तेच यंत्र बसवावे, हे काही खरे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये सांगितले होते, की जिथे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ यंत्राला मनाई करावी. साधे घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडते. भूजल आटलेल्या तालुक्यात हे परवडणारे नाही.

आपल्याकडचा संत्रा उत्पादक हे शास्त्र कधीचे पाळतो. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकेतून कलमे आणण्याआधी तो फक्त रोपवाटिकेच्या मालकाचे ऐकत नाही. खुंट जंबेरीचा घ्यावा की रंगपूर लाईमचा, याबद्दल नागपूरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेचे म्हणणे तो ऐकतो. आणि तरीही स्वतःच्या वावरासारखीच काळी, चिबडणारी जमीन असलेल्या एखाद्या फळत्या बागेत जातो. झाडाच्या बुडाशी बसतो, साल खरवडून डिंक्या लागला का पाहतो, बागवानाला विचारतो, "किती झाडं वाळली?" लाखोंची बाग अशी विचारून लावणारा माणूस अडाणी ठरत नाही. मग तीस हजारांचे यंत्र विचारून घेणारी त्याची बायको अडाणी कशी?

आता तिसरा आक्षेप. लोक खरे सांगत नाहीत, हे अनेकदा खरे आहे, आणि त्याची कारणे नीट पाहिली पाहिजेत. एक कारण लाज. महागडी वस्तू फसली हे कबूल करणे जड जाते, म्हणून माणूस "चांगली हाय" म्हणून मोकळा होतो. दुसरे कारण लाज नव्हे, पैसा. घरोघरी बैठका घेऊन गाद्या, भांडी, पाण्याची यंत्रे विकली जातात. तिथे उभे राहून 'माझी कंबर थांबली', 'माझी साखर उतरली' असे सांगणाऱ्याला पुढच्या प्रत्येक विक्रीवर वाटा मिळणार असतो. तो अनुभव नव्हे, ती जाहिरात आहे. अशा थेट विक्रीसाठी 2021 साली केंद्राने नियम केले, साखळीचे पिरॅमिड त्यांत निषिद्ध आहेत. भलामण करणाऱ्याचे कंपनीशी आर्थिक नाते असेल तर ते उघड करावे, असे 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ओळखीच्या बाईने बोलावले म्हणून बैठकीला जाणाऱ्यांपर्यंत यातले काहीच पोचलेले नाही.

आणि ज्यांना 'प्रत्यक्ष दाखवले' की पुरे वाटते, त्यांनी पाण्याचा तो खेळ एकदा बारकाईने पाहावा. विक्रेता दोन पेले मांडतो. एकात बोअरचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. मिनिटा-दोन मिनिटांत पहिल्या पेल्यात तांबडा-काळपट गाळ तरंगू लागतो, दुसरा बव्हंशी नितळ राहतो. घरातली म्हातारी माणसे हादरतात. इतकी वर्षे आपण हे पीत होतो? खरी गोष्ट अशी की तो गाळ पाण्यातला नसतोच. तो लोखंडी कांडीच झिजून आलेला गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते. यंत्राच्या पाण्यात क्षार फार कमी, वीज जेमतेम वाहते, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडायला लावा, तोही घाण होईल. विक्रेत्याच्या अशा दाखवण्यापेक्षा तेच यंत्र दोन वर्षे वापरलेल्या बाईचे एक वाक्य मोलाचे : "फिल्टर बदलाच्या खर्चातच जीव जाते, बाई." पाण्याबद्दल खरी शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. पाण्यातले फ्लोराइड किंवा नायट्रेट शेजाऱ्याला जिभेवर कळणार नाही, तिथे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

म्हणून लोक खोटे सांगतात यावर उपाय विचारणे बंद करणे हा नव्हे, नीट विचारणे हा आहे. याचा वस्तुपाठ मोर्शी तालुक्यातच आहे. ऋद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी त्यांना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडून. सांगणाऱ्यांच्या आठवणींत फरक पडला, तर परंपरेने तो फरकही जपला. मराठी गद्याचा आद्यग्रंथ मानला जाणारा लीळाचरित्र असा माणसांना विचारून उभा राहिला. ऐकीव आणि अनुभवलेले यांत फरक करायची शिस्त आपल्या मातीत जुनी आहे.

वस्तूंच्या बाबतीत ही शिस्त म्हणजे पहिल्यांदा, माणूस बरोबर निवडणे. घरातला पुरुष किंमत आणि सवलत सांगतो. यंत्र पुसणारी, टाकी घासणारी, कूलरमध्ये रोज पाणी भरणारी बाई खरे सांगते, तिला विचारा. हनीकोंब पॅड बोअरच्या पाण्याने क्षार धरून फळकुटासारखे कडक होते आणि त्यापेक्षा दरवर्षी बदलायचे साधे गवत बरे, हे तिच्याकडूनच कळते. दुसरे, 'चांगले आहे का' असे विचारूच नका. त्याचे उत्तर 'हो' असेच येते. किती वेळा बिघडले, कोणी दुरुस्त केले, किती गेले, आणि आज घ्यायचे झाले तर हेच घ्याल का, असे विचारा. पत्र्याच्या कूलरबद्दल तर आधी हे विचारा, की हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या का आणि अर्थिंग कोणी केले. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसे मरतात. हा प्रश्न संकोचापायी गिळायचा नाही.

हे एकट्यादुकट्याने न करता मिळून करण्याचीही परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदी सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, 1986 साली आला.

मोर्शीत गावोगाव महिला बचत गट आहेत. महिन्याची बैठक होतेच. त्या बैठकीत एक जादा वही असावी : कोणती वस्तू, कधी घेतली, पाणी नळाचे की बोअरचे, दुरुस्तीला काय गेले, सुटा भाग कुठे मिळाला. फसलेल्या वस्तू आधी लिहाव्यात, म्हणजे लाजेची अडचण पहिल्याच पानावर सुटेल. कमिशन मिळणाऱ्या बाईने आपल्या नावापुढे तसे लिहावे. सुरुवात कूलरपासून करता येईल. या उन्हाळ्यात नोंदी घेतल्या तर पुढच्या मार्चला नवा कूलर घेणाऱ्या घराला निदान दहा कूलरांची हकीकत वाचून बाजारात जाता येईल.